पाइक माशाला लावलेल्या रेडिओ ट्रान्समीटरचा सिग्नल मध्येच का हरवतो?

बहुतेक वेळा मासा खोल पाण्यात उतरलेला असतो. खोली वाढली की रेडिओ लहरी झपाट्याने क्षीण होतात. पाण्यात क्षार जास्त असतील तर आणखी लवकर. उथळ नदीत रेडिओ उत्तम, पण दहा मीटरपेक्षा खोल तलावात अकूस्टिक टॅगच (रेडिओऐवजी ध्वनिलहरी सोडणारा ट्रान्समीटर) घ्या.

दुसरं कारण अँटेना. ट्रान्समीटर पोटाच्या पोकळीत बसवतात आणि अँटेनाची तार वेगळ्या छिद्रातून बाहेर लोंबती ठेवतात. ती आत गुंडाळली किंवा तुटली की पल्ला एकदम घटतो. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २ किलोच्या पाइकला जास्तीत जास्त ४० ग्रॅम.

यागी अँटेनाने (सिग्नलची दिशा दाखवणाऱ्या अँटेनाने) मासा शोधताना जवळ पोचलात की रिसीव्हरचा गेन (सिग्नल वाढवून ऐकवण्याचं प्रमाण) कमी करत जा, नाहीतर सगळीकडून सारखाच टकटक आवाज येतो आणि दिशा कळत नाही.

सिग्नल एकाच जागी असला म्हणून मासा मेला असं लगेच धरू नका. पाइक पाणवनस्पतींत तासन्‌तास दबा धरून बसतो. आठवडे गेले तरी हलला नाही, तर मात्र मासा मेला किंवा टॅग गळून पडला. हालचाल थांबल्यावर सिग्नलच्या ठोक्यांचा वेग बदलणारा टॅग घेतलात तर हा संशय लवकर फिटतो.