सँकी ट्रेलरचा आर्मी नंबर कसा शोधायचा?

प्रश्न: मी लेस्टरला राहतो, लँड रोव्हरमागे लावायचा ब्रिटिश आर्मीचा जुना सँकी ट्रेलर घेतलाय, माहितीची प्लेट गायब आहे, सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने सगळा रंग उडवून) सरळ रंगवू का?

उत्तर: अहो थांबा, सँडब्लास्ट अजिबात नको, त्याचा सगळा इतिहास त्या रंगाखालीच आहे! मागच्या बाजूला वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, एकेक थर उतरतो, हिरव्याखाली परत हिरवा, आणि मग कधीतरी पुसट पांढरे आकडे दिसायला लागतात, १९४९ नंतरचा नंबर असेल तर दोन आकडे, दोन अक्षरं, परत दोन आकडे. दिसला की लगेच फोटो काढा, अजून दोन हात फिरले की तोही जातो. मग विंचेस्टरजवळ वर्दी डाऊनच्या रॉयल लॉजिस्टिक कोअर म्युझियमला लिहा, त्यांच्याकडे आर्मीच्या जुन्या गाड्यांची रेकॉर्ड कार्डं आहेत. आणि हो, पुढची नाटो रिंग (गाडीच्या हुकात अडकवायची आर्मीची जाड लोखंडी कडी) कापून साधा कपलर (नेहमीच्या ट्रेलरची जोडणी) बसवू नका प्लीज.