फॉर्म एडिट होत नाही? मग करूच नका

तुमची अडचण वाचली. आईच्या पेन्शनचा चार पानी फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आला, क्लिक केलं तर कर्सरच येत नाही, वर्डमध्ये उघडला तर रकाने विस्कटले, आणि अक्षर असं की हातानं भरायची लाज वाटते. शाहूपुरीत वीसेक वर्षं डीटीपी करतोय, असे फॉर्म घेऊन महिन्यातून दोघं-तिघं तरी येतात.

आधी वर्डचं सांगतो. पीडीएफ वर्डमध्ये उघडून फॉर्म भरायचा नाद करू नका. वर्ड तो फॉर्म स्वतःच्या समजुतीनं नव्यानं रचतं, त्यात रेघा सरकतात. मराठी मजकूर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल तर त्याची चक्क इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. आणि कुणाचा छापील फॉर्म आपण बदलायचाच कशाला? आपल्याला फक्त वर लिहायचंय. टायपिंग क्लासला आम्ही मशीनवर कागद चढवायचो, रोलर अर्धा घर फिरवून ठिपक्यांच्या रेघेवर अक्षर बसवायचो. फॉर्मला कुणी हात लावत नव्हतं. इथंही तेच करायचं.

फॉर्म मेलनंच परत पाठवायचा असेल तर सोपं आहे. अ‍ॅडोबी रीडरमधलं ‘फिल अँड साइन’ फुकट आहे. फायरफॉक्समध्येही 2022 पासून पीडीएफवर मजकूर टाकायची सोय आहे. जिथं क्लिक कराल तिथं अक्षर येतं. मात्र मराठी टाकणार असाल तर आधी ‘ज्ञानेश्वर’ एवढं लिहून बघा. जोडाक्षर फुटलं तर पुढं जाऊ नका, खालची रीत धरा. दुसरी गोम अशी की असा मजकूर कधी कधी नुसत्या शेऱ्यासारखा वर तरंगत असतो. आमच्याकडून गेलेला एक अर्ज पलीकडच्या ऑफिसात छापला, तर कोरा निघाला! तेव्हापासून भरून झालं की प्रिंटमध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडतो. मजकूर कागदाला चिकटतो. नवी फाईल उघडून बघायची आणि मगच पाठवायची.

तुमचा फॉर्म मराठी आहे, चौकटींचा आहे आणि कागदावर द्यायचाय, म्हणजे तुम्हाला लांबचा रस्ता. फॉर्मचं प्रत्येक पान 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) चित्रात काढा. ए-4 असेल तर चित्र साधारण 2480 बाय 3508 पिक्सेलचं येतं. प्रत्येक पानासाठी वर्डची वेगळी फाईल करा, ए-4 पान घ्या आणि चित्र हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्याच्या भागात टाका. हेडरमध्ये अशासाठी, की टाईप करताना माऊसचा धक्का लागून ते सरकत नाही. रुंदी 21 सेंटीमीटर करा, मजकुराच्या मागं पाठवा, पानाच्या कोपऱ्याला कोपरा जुळवा. मग प्रत्येक रकान्यावर टेक्स्ट बॉक्स ठेवा. त्याला ना रंग, ना किनार, आतला समास चारी बाजूंनी शून्य. तो समास तसाच राहिला की अक्षर कायम थोडं आत-खाली बसतं आणि माणूस तासभर बॉक्स ढकलत बसतो.

पत्त्याच्या ओळींना ओळीतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ करा. रेघांत 8 मिलिमीटर असतील तर 22.7 पॉइंट (पॉइंट हे अक्षराचं माप, इंचात 72). मंगल फॉन्टची ओळ उंच असते, त्याच्यावर सोडलं तर तिसऱ्या ओळीलाच रेघ चुकते. फॉन्टच्या खिडकीत मराठीचा आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ खाली वेगळा असतो. आकडे लहान झाले आणि मराठी तशीच राहिली, तर गडबड तिथं आहे.

आता चौकटी, सगळ्यात वैताग इथंच. एक चौकट मोजू नका, वीस एकदम मोजा. समजा वीस चौकटी 104 मिलिमीटर भरल्या, तर एक 5.2 मिलिमीटरची, म्हणजे 14.74 पॉइंट. इंग्रजी नावासाठी कुरियर न्यू 12 पॉइंट घ्या, त्याचं प्रत्येक अक्षर, आय असो की डब्ल्यू, 7.2 पॉइंटच घेतं. उरले 7.54. कॅरेक्टर स्पेसिंग ‘एक्सपांडेड’ 7.55 करा, वीसच्या वीस अक्षरं आपापल्या घरात जातात. ही जागा अक्षराच्या पुढं पडते, म्हणून सगळा बॉक्स सव्वा मिलिमीटर उजवीकडं घ्या.

मराठी नावाला ही युक्ती चालवू नका, मात्रा आणि जोडाक्षरं त्यात नीट राहतील याचा भरवसा नाही. तिथं बिनरेघांचा टेबल करा. रकाना 5.2 मिलिमीटर पक्का, सेलचा समास शून्य, अक्षर मध्यभागी, आणि मजकुराप्रमाणं रुंदी बदलायचा पर्याय बंद. ज्ञानेश्वरला चार घरं लागतात: ज्ञा, ने, श्व, र.

छापताना पान लहान-मोठं करणारं ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा शंभर टक्के. झेरॉक्सवाल्याला पेन ड्राइव्ह द्याल तर हे तोंडानं सांगा, त्याच्याकडं फिट लावून ठेवलेलं असतं. ऑफिसनं शिक्का मारलेला मूळ कागदच भरायचा असेल तर हेडरमधलं चित्र काढून टाका, फक्त अक्षरं उरतील. ती आधी कोऱ्या कागदावर छापा, फॉर्मवर ठेवून खिडकीला धरा. दोन मिलिमीटर इकडंतिकडं दिसलं तर दुरुस्त करा आणि मगच मूळ कागद ट्रेमध्ये घाला. मूळ कागद एकच असतो, याची आठवण मला एकदा चांगलीच झाली आहे.

आणि हो, फुकटात पीडीएफ भरून देणाऱ्या कुठल्याही साइटवर हा फॉर्म चढवू नका, त्यावर आधार आणि बँकेचा नंबर आहे. फॉर्मवर ‘स्वहस्ताक्षरात भरावा’ असं कुठं बारीक छापलंय का तेही बघा. असेल तर एवढी सगळी खटपट वाया, गपगुमान पेन घ्या. सही आईंची, पेननंच.

नावाच्या वीस चौकटी किती मिलिमीटर भरतात ते पट्टीनं मोजून सांगा, स्पेसिंगचा आकडा मी काढून देतो.