पेडलचा टवका उडालाय, सुपरग्लूची बाटली आधी बाजूला ठेवा

प्रश्न: नमस्कार, माझ्याकडे ८०च्या दशकातलं गिटारचं कोरस पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) आहे, बॉडी पूर्ण प्लास्टिकची. मागच्या महिन्यात फळीवरून पडलं आणि जॅकपासून वरच्या कडेपर्यंत तडा गेला, कोपऱ्याचा एक टवका उडाला (तुकडा सापडलाच नाही) आणि आतला एक स्क्रूचा खांब मुळापासून निघून हातात आला. आवाज मात्र एकदम ओके आहे. तड्याला सुपरग्लू लावला होता, दोन दिवस टिकला आणि पाय ठेवल्या ठेवल्या कट्कन उघडला. मित्र म्हणतोय सर्किट काढून मेटलच्या डब्यात घाल. जीव होत नाहीये. काय करू?

उत्तर: जीव होत नाहीये ना, मग नका करू, निदान आत्ताच तरी नाही. त्या काळातली एरियन कंपनीच्या एससीएच-१ सारखी पेडलं किंवा नंतर ९०च्या दशकात इबानेझ कंपनीच्या साउंडटँक मालिकेतली प्लास्टिकवाली, ही सगळी स्वस्तात मिळावी म्हणून प्लास्टिकची केलेली, पण म्हणून टाकाऊ नाहीत आणि रिपेअर होतात, फक्त बाहेरून नाही, आतून करायची. सगळी गोम तिथेच आहे. पेडल ही शोकेसमधली वस्तू नाही, तिच्यावर माणूस पाय देतो, आणि तुम्ही बाहेरून चीर बुजवलीत की दिसायला झकास पण वजन पडलं की परत तिथेच उघडणार.

सुपरग्लू का सुटला ते पण सांगतो. तो सुकला की काचेसारखा कडक होतो, वाकत नाही, आणि पेडलची बॉडी दर वेळी पाय पडला की थोडीशी वाकते. शिवाय सुकताना त्याची वाफ आसपास पांढरी धूळ बसवते, मी एकदा सर्किट बोर्ड न काढता लावला होता तर एक पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) जाम होऊन बसला, बॉडी जोडली आणि आवाज घालवला, असला धंदा. म्हणून आधी बॅटरी काढा, सगळं उघडा, वायरींचे फोटो काढा, नॉब, पॉटचे नट, जॅकचे नट काढून बोर्ड बाहेर घ्या आणि मगच बाकीचं. सुटे तुकडे आणि स्क्रू एका डबीत.

आता प्लास्टिक कुठलं ते बघा. बहुतेक वेळा एबीएस (एक प्रकारचं कडक प्लास्टिक) असतं, कधी कधी आतल्या बाजूला तशी अक्षरंही असतात. नसतील तर आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक ठिपका द्या. चिकट झालं की एबीएस किंवा त्याचं भावंड पॉलिस्टायरिन, काम सोपं. काहीच झालं नाही आणि हाताला मेणचट लागतंय तर पॉलिप्रॉपिलीन असू शकतं, एक कपची पाण्यात टाका, तरंगली तर तेच, एबीएस बुडतं. पॉलिप्रॉपिलीनला साधा कुठलाच गोंद धरत नाही, तिथे आतून पत्र्याची पट्टी आणि बारीक स्क्रू हाच मार्ग. आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, काहींत ॲसिटोन नसतंच आणि असलं तरी तेल, सुगंध वगैरे असतं. शुद्ध ॲसिटोन घ्या, खिडकी उघडी, जवळ ज्योत नको, सोल्डरिंग आयर्न तर अजिबात नको.

तुमच्या तड्यात जुना सुपरग्लू बसलाय तो आधी ब्लेडने नीट खरवडून काढा, ॲसिटोनने पुसून काढायला जाल तर गोंदाच्या आधी एबीएसच विरघळेल. कंटाळवाणं काम आहे पण याला इलाज नाही. मग तड्याच्या टोकाला, म्हणजे जिथे चीर संपते तिथे, दीड मिलिमीटरच्या बिटने छोटं भोक पाडा. चीर टोकालाच वाढत असते कारण सगळा ताण तिथे गोळा होतो, गोल भोक मिळालं की तो पसरतो. मग दोन्ही कडा घट्ट जुळवून रबरबँड किंवा क्लॅम्प लावा आणि बारीक ब्रशने आतल्या बाजूने ॲसिटोन सोडा, ते चिरेत आपोआप ओढलं जातं आणि दोन्ही कडा विरघळून एकमेकांत मिसळतात. हा गोंद नाही, सांधाच आहे. जास्त ओतू नका, भिंत मऊ होऊन बसते. एक रात्र हात लावायचा नाही आणि खरी ताकद यायला अजून काही दिवस, कारण आतलं ॲसिटोन हळूहळू उडतं. घाईघाईत दुसऱ्या दिवशी स्टेजवर नेलं तर मग माझ्या नावाने शिव्या घालू नका!

टवक्यासाठी एबीएसची पेस्ट करा. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएसचेच आहेत, पेडलच्या रंगाचा एखादा जुना मोडका ठोकळा मिळाला तर सोनं. बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवा, मधासारखं घट्ट झालं पाहिजे. टवक्याच्या बाहेरून टेप लावून आतून पातळ थर द्या, एक सुकला की दुसरा, कारण सुकताना ते आकसतं, एकदम जाड भरलं तर आत बुडबुडे राहतात. शेवटी थोडं वर येईल इतकं भरा आणि कानस, मग पॉलिश पेपर.

तेवढ्यावर थांबू नका. तड्याच्या आतल्या बाजूला फायबरग्लासच्या जाळीची पट्टी त्याच पेस्टमध्ये बसवा, खरं वजन तीच घेणार आहे. स्टीलची जाळी पण चालते पण ती बोर्डला टेकली तर शॉर्ट, म्हणून मी फायबरच सुचवतो. आत चंदेरी किंवा काळा लेप दिसला तर तो शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारा, असू शकतो, ॲसिटोनने निघून जातो, मग घूंऽऽ सुरू. तेवढ्या जागेत तांब्याची टेप लावून ग्राउंडला जोडून घ्या.

खांबाला मात्र ॲसिटोन पुरणार नाही. दोन भागांची हळू सुकणारी एपॉक्सी घ्या, पाच मिनिटांवाली नको, मुळाशी चारी बाजूंनी उतार द्या आणि जमलं तर बाहेरून पितळी नळीचा तुकडा चढवा. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, टक् असं जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. हे न केल्यानेच निम्मे खांब तुटतात, बाकीचे निम्मे जास्त आवळल्याने.

आणि मेटलचा डबा? रोज स्टेजवर पायाखाली घेणार असाल तर मित्राचं ऐका, पण जुनी बॉडी फेकू नका आणि बोर्ड कापू नका, म्हणजे परत फिरता येतं.

प्रश्न: माझं पांढरं पेडल पिवळं पडलंय, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू का?

उत्तर: निघतो पिवळेपणा, पण बऱ्याचदा परत येतो आणि वरची छापलेली अक्षरं पुसट होण्याचा धोका आहे तो वेगळाच. मी असतो तर राहू दिलं असतं. करायचंच असेल तर हातमोजे घाला आणि आधी तळाच्या झाकणावर करून बघा.