१०० नावांची यादी करण्याआधी

चि. …,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नेटवर्क मार्केटिंगमध्ये, म्हणजे माल विकायचा आणि आपल्याखाली माणसं जोडायची अशा धंद्यात, तुझं जॉइनिंग झालं, किट हातात आलं. आता अपलाइनने, म्हणजे तुला जोडून घेणाऱ्या वरच्या माणसाने, पहिलं काम दिलं असणार, ओळखीच्या १०० जणांची नावं काढायचं. ती वही आज मिटून ठेव. त्याऐवजी दहाच नावं लिही. ही माणसं तुझ्याखाली कधीही जॉइन होणार नाहीत, पण माल पैसे देऊन घेतील आणि संपला की पुन्हा मागतील. अशी दहा नावं सुचत नसतील तर अडचण तुझ्या बोलण्यात नाही, मालात किंवा भावात आहे.

म्हणून आधी भाव ताडून बघ. प्रोटीन पावडर असेल तर डब्याच्या किमतीवर जाऊ नकोस. लेबल वाचून पूर्ण डब्यात किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते काढ आणि एका ग्रॅमचा भाव मेडिकलमधल्या डब्याशी लावून बघ. भांड्यांचं लिक्विड असेल तर आठवडाभर घरात वापर आणि एका दिवसाला किती रुपयांचं लागतं ते लिही. हे आकडे तोंडपाठ असले तर गिऱ्हाइकापुढे बोलायला वेगळं ट्रेनिंग लागत नाही. आणि दुप्पट महाग निघालं तर तेही पहिल्याच आठवड्यात कळेल.

आता प्लॅन, म्हणजे कमिशन कसं मिळतं त्याची योजना. बऱ्याच ठिकाणी तो बायनरी असतो, म्हणजे तुझ्याखाली माणसांच्या दोन रांगा, डावा पाय आणि उजवा पाय, आणि दोन्हीकडची विक्री जुळेल तेवढ्यावर पैसे, त्याला मॅचिंग म्हणतात. कमिशन कमी भरलेल्या पायावर मिळतं. समज, डावीकडे ४०,००० बीव्ही (बिझनेस व्हॉल्यूम, म्हणजे विक्रीवर कंपनी धरते ते गुण) आहे, उजवीकडे ३,००० आणि दर १० टक्के. तर हातात येतील ३०० रुपये. डावीकडचे उरलेले ३७,००० पुढच्या महिन्यात धरतात की फ्लश, म्हणजे रद्द, होतात, हे प्लॅनच्या कागदात शोध. ‘अपलाइन तुझा एक पाय भरून देतोय’ याचा अर्थ दुसरा तुला स्वतःच भरायचा आहे. शिवाय बीव्ही म्हणजे रुपये नव्हेत. १,००० रुपयांच्या बिलावर ४०० बीव्हीच असू शकतात, तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे दोन्ही आकडे लिहून ठेव.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती अ‍ॅक्टिव्ह राहण्याच्या खरेदीत, म्हणजे कमिशन चालू राहावं म्हणून दर महिन्याला कराव्या लागणाऱ्या खरेदीत. एक हिशेब मांडतो. महिन्याला ३,००० रुपयांचा माल उचलला. त्यातला १,८०० चा माल २,१०० ला गेला, नफा ३००. कमिशन आलं ६५०. मिळून ९५०. पेट्रोल ५०० आणि सेमिनारचं तिकीट ४०० वजा केलं की उरले ५०, आणि कपाटात १,२०० चा माल. त्या मालातलं घरात एरवीही विकत आणलं असतं तेवढंच धर, आणि तेही किराणा दुकानाच्या भावाने. बाकीचा तोटाच. रँक तुटू नये म्हणून महिन्याच्या २९ तारखेला स्वतःच्या खिशातून बिल फाडायची सवय इथूनच लागते. ती लावून घेऊ नकोस. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर किंवा आईचं सोनं गहाण ठेवून तर एक रुपयाचाही माल उचलायचा नाही.

‘प्रत्येकाने फक्त पाच जण आणायचे’ हे फळ्यावर फार सोपं दिसतं. पाचाचे पंचवीस, मग १२५, ६२५… बाराव्या पातळीवर २४ कोटी होतात, तेराव्या पातळीवर १२२ कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. त्यामुळे खालच्या पातळीवरच्यांना माणसं मिळत नाहीत, ही त्यांच्या आळशीपणाची शिक्षा नव्हे. तुझ्या डाउनलाइनला, म्हणजे तुझ्याखाली जोडलेल्यांना, तसं कधी ऐकवूही नकोस.

कायद्याचंही नीट समजून घे. माणसं जोडण्यावरच पैसे देणाऱ्या साखळ्यांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी वेगळे नियम आले. लेखी करार हवा. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे आणि कशासाठी आलोय हे सांगायचं. म्हणजे ‘चहाला ये’ म्हणून बोलावून प्लॅन दाखवणं नियमातच बसत नाही. ‘आणखी गिऱ्हाइकं आण, तुझे पैसे वसूल होतील’ असं सांगून माल विकायलाही मनाई आहे. करार रद्द करायला किती दिवसांची मुदत आहे आणि न खपलेला माल कंपनी कोणत्या अटींवर परत घेते, ही दोन कलमं आजच वाच. किटवरचं सील फोडण्याआधी.

माल खाण्यापिण्याचा असेल तर जीभ आवर. पूरक आहाराच्या डब्यावर तो औषध म्हणून वापरायचा नाही असं छापलेलंच असतं. मधुमेह बरा होतो, गाठ विरघळते असं सांगणं गुन्हा ठरू शकतं. त्याहून वाईट म्हणजे तुझ्या भरवशावर एखादी काकू तिची गोळी बंद करेल. गिऱ्हाईक औषध घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांग, विक्री गेली तरी चालेल.

नातेवाइकांकडे एकदाच जा आणि नाही म्हणाले की विषय सोड. लग्नकार्यात, बारशाला प्लॅन काढायचा नाही. दुसऱ्याच्या चेकचे फोटो स्टेटसला ठेवू नकोस. कुणी कमाई विचारली तर खर्च वजा जाऊन उरलेला स्वतःचा आकडा सांग, तो ५० असला तरी. कॉलेज किंवा चालू नोकरी सोडायची नाही.

तीन महिने रोज वही लिही. डाव्या पानावर जॉइन न झालेल्या गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे, उजव्या पानावर प्रत्येक खर्च, रिक्षाच्या भाड्यासकट. तिसऱ्या महिन्यात परत मागणारी पाच गिऱ्हाइकंही नसतील तर उरलेला माल परत कर आणि बाहेर पड. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यासाठी बिलं आणि करार जपून ठेव.

कराराची आणि प्लॅनची झेरॉक्स या आठवड्यात पाठवून दे. मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवतो, तोवर दुसरी ऑर्डर टाकू नकोस.

कळावे,
तुझा हितचिंतक