एका व्यक्तीची लपवलेली अपराधी भावना आणि तिचे मौन यांमुळे सामूहिक उन्माद खरोखर वाढू शकतो का?

होय, वाढू शकतो. कारण खरे काय घडले हे ज्याला ठाऊक असते, तोच स्वतःची चूक उघड होण्याच्या भीतीने गप्प राहिला, तर अफवा खोडून काढणारे कोणीच उरत नाही. मुंबईतील एखाद्या चाळीत स्वतःच्या हयगयीमुळे मूल हरवलेल्याने ‘पोरे पळवणाऱ्यां’कडे बोट दाखवले आणि मूल सापडल्यावरही खरे सांगितले नाही, तर मार बसतो तो अनोळखी फेरीवाल्याला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ मध्ये चेटुकाच्या आरोपांवरून १९ जणांना फाशी झाली. आरोप करणाऱ्यांपैकी ॲन पुटनमने जाहीर क्षमा मागितली ती थेट १७०६ मध्ये. मात्र एकट्या मौनाने उन्माद पेटत नाही: सेलममध्ये आरोपीची छायाकृती, म्हणजे भुतासारखे रूप, दिसल्याचे सांगणेही न्यायालयाने पुरावा मानले होते, आणि माझ्या मते तो दोष अधिक गंभीर होता.