घरी आवाज मुद्रित करायचा आहे, माइक कोणता घेऊ?

प्रश्न : मला घरी मराठी कथांचे वाचन मुद्रित करायचे आहे. आमचे घर कळव्यात, रेल्वेमार्गाला लागून आहे. खर्चाची तयारी जास्तीत जास्त ६ हजारांची. दुकानदार म्हणतो, कंडेन्सर घ्या, स्टुडिओसारखा आवाज येतो. घ्यावा का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुमच्या घरासाठी कंडेन्सर नको, डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर फार संवेदनशील असतो. बंदिस्त, शांत खोलीत तो आवाजाचे बारकावे छान टिपतो. पण तितक्याच इमानाने कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि लोकलचा भोंगाही टिपतो.

डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट गाळतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याची संवेदनशीलता कमी, म्हणून त्याच्या अगदी जवळून बोलावे लागते, आणि खरा फायदा या जवळिकीचा आहे. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. डायनॅमिक माइक दोन हात लांब ठेवून बोललात, तर गेन (माइकचा सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) वाढवावा लागेल आणि लोकल पुन्हा रेकॉर्डिंगमध्ये येईल. अंतर चार बोटांचे ठेवा. फार जवळ गेलात तर आवाजातला खर्ज फुगतो, हेही लक्षात असू द्या.

यूएसबीचा माइक थेट लॅपटॉपला जोडता येतो, वेगळा इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जोडायची पेटी) लागत नाही. फिफाइन एएम८, माओनो पीडी२००एक्स आणि सॅमसन क्यू२यू हे तिन्ही डायनॅमिक आहेत आणि त्यांना यूएसबीबरोबर एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणीही आहे. म्हणजे पुढे इंटरफेस घेतलात तरी माइक वाया जाणार नाही. दोन-तीन ठिकाणचे भाव पाहून जो आकड्यात बसेल तो घ्या. स्टँड आणि पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) यांसाठी हजारभर रुपये आधीच बाजूला काढा. नुसता एक्सएलआरचा डायनॅमिक माइक स्वस्त दिसतो, पण त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की चांगल्या इंटरफेसशिवाय तो निरुपयोगी. लॅपटॉपच्या ३.५ मिमी छिद्रात पिन बदलून जोडलात तर आवाजापेक्षा खरखरच जास्त येईल.

माइक कार्डिऑइड असावा. तो समोरचे जास्त ऐकतो, पाठीमागचे सर्वांत कमी. म्हणून माइकची पाठ रुळांच्या बाजूच्या खिडकीकडे करा, म्हणजे तुमचे तोंड खिडकीकडे येईल. खिडकीवर जाड पडदा हवाच, नाहीतर तुमचाच आवाज काचेवर आपटून परत येतो. गाडीची धडधड टेबलातूनही चढते. स्टँडखाली दुमडलेला टॉवेल ठेवा आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झखालचा (अगदी खर्जातला) भाग काढून टाका. एवढे करूनही गाडी जाताना वाचत राहू नका. थांबा, आणि ते वाक्य सुरुवातीपासून घ्या.

मराठीत प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा झोत थेट माइकवर बसतो आणि ‘धप्’ असा आवाज येतो. माइक तोंडाच्या नेमका समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, तिरका धरा. ‘भाऊ फाटकापाशी फणस फोडत बसला’ हे वाक्य म्हणून पाहा; ते स्वच्छ आले तर जागा बरोबर आहे.

प्रश्न : ऑनलाइन स्टँडसकट कंडेन्सर माइक मागवला. त्याला ३.५ मिमीची पिन आहे. लॅपटॉपवर आवाज अगदी बारीक येतो, वाढवला की ‘स्सss’ असा आवाज येतो. माइक बिघडला आहे का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : बहुधा नाही. आधी तुम्ही कोणत्या बाजूने बोलता ते पाहा. असे बरेच माइक टोकाकडून नव्हे, कुशीकडून ऐकतात. आइसक्रीमच्या कोनासारखे वरून बोललात तर आवाज बारीकच येणार. सहसा बोधचिन्ह असते ती पुढची बाजू.

तरीही फरक पडला नाही, तर माइकच्या बुडाशी पाहा. तिथे तीन पिनांची एक्सएलआर जोडणी असेल, तर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच त्याला मिळणारी वीज) अपेक्षित असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपच्या छिद्रातून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात, माइक अर्धपोटी चालतो. विंडोजमधला ‘मायक्रोफोन बूस्ट’ चढवला की सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच चढते. फँटम पॉवर देणारा यूएसबी इंटरफेस हा खरा उपाय. पण माइकच हजार-पंधराशेचा असेल तर त्यासाठी चार हजारांचा इंटरफेस घेणे आम्हाला पटत नाही. परत करता येत असेल तर करा. आणि ‘घूं’ असा संथ आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झ विजेचा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा.

प्रश्न : सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्या फोनवर मुद्रित करून ठेवायच्या आहेत. हजार रुपयांत काय येईल?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तारेचा कॉलर माइक घ्या. बोया बीवाय-एम१ चालेल. त्याची तार ६ मीटर आहे, त्यामुळे फोन लांब ठेवता येतो. तारेवरच्या डबीचे बटण फोनच्या खुणेवर ठेवा. कॅमेऱ्याच्या खुणेवर त्याला एलआर४४ सेल लागतो. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल, पण तो माइक चालवणारा आहे का हे विचारूनच घ्या. कित्येक अडॅप्टर फक्त हेडफोनचे असतात.

एक चाचणी अवश्य करा. रेकॉर्डिंग सुरू करून माइकच्या डोक्यावर नखाने हलके खरडा. ते मोठ्याने ऐकू आले नाही, तर फोन स्वतःच्याच माइकवर मुद्रण करत आहे. ब्लूटूथ इअरफोन मात्र वापरू नका. माइक चालू होताच बहुतेकांचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो.

माइक हनुवटीखाली एक वीत, ब्लाउजच्या काठाला लावा. पदराला लावलात तर सळसळ येईल. मंगळसूत्र माइकवर आपटणार नाही असे सरकवा, आणि हाताने ताल धरणार असतील तर काचेच्या बांगड्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवायला सांगा. फोन विमान मोडवर टाका, ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाइलप्रकार) निवडा. प्रत्येक ओवीनंतर दोन क्षण शांतता राहू द्या, पुढे कापायला सोपे जाते. त्याच दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. ओव्या पुन्हा तशाच मिळतील याची खात्री नसते.

प्रश्न : माइक चांगला आहे, तरी आवाज बाथरूममधून आल्यासारखा घुमतो. भिंतींना फोम लावू का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : इंचभर जाडीचा फोम फक्त तीव्र स्वर शोषतो; घुमणारा, डब्यासारखा आवाज राहतोच. त्याऐवजी घरातल्या जाड गोधड्या काढा आणि तुमच्या पाठीमागे टांगा. समोर नव्हे, पाठीमागे. कारण कार्डिऑइड माइकचे तोंड तिकडेच असते. गोधडी भिंतीला चिकटवू नका, चार-पाच इंच पुढे दोरीवर टांगलीत तर ती जास्त शोषते. उघड्या कपड्यांच्या कपाटाला पाठ करून बसलात तरी बराच फरक पडतो. पंखा बंदच हवा, म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करा. बोलताना सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या, आणि सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच तुकडा गोंगाटाचा नमुना म्हणून देता येतो. गोंगाट ६ ते १२ डेसिबलपर्यंतच कमी करा. त्यापुढे शब्द पाण्याखालून आल्यासारखे वाटतात.

प्रश्न : पावसाळ्यात कंडेन्सर माइक मध्येच तडतडतो. का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : आतल्या पातळ पडद्याशी ओल धरते. काम झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड जाळीत जाते. देव्हाऱ्याजवळही नको, उदबत्तीचा धूर त्या पडद्यावर बसतो.