'मलमपट्टी' की 'ड्रेसिंग'?

आरोग्यपुस्तिकेचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग'ला (जखमेवर चिकटवायच्या, स्राव शोषणाऱ्या आवरणाला) 'हायड्रोकोलॉइड मलमपट्टी' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. 'मलमपट्टी'त दोन कामं आहेत. मलम (मूळ अरबी 'मरहम') लावायचं आणि वरून पट्टी बांधायची. जखमेला प्रत्यक्ष टेकतं ते ड्रेसिंग आणि त्याला जागेवर धरून ठेवते ती पट्टी, म्हणजे बँडेज. बोलताना आपण सगळ्याला सरसकट पट्टीच म्हणतो. सुश्रुतसंहितेत मात्र ही सरमिसळ नाही. जखमेत घालायची औषध माखलेली वात ती 'विकेशिका', वर ठेवायची जाड घडी ती 'कवलिका', आणि बांधायचे ते 'बंध', तेही 14 प्रकारचे!

साधं कोरडं गॉझ (विरळ विणीचं कापड) जखमेतला स्राव टिपतं, पण वाळलं की जखमेला घट्ट बसतं. मग भिजवून सोडवा. घाई केली तर नुकती धरलेली नाजूक कातडी त्याच्यासोबत निघून येते. पॅराफिन (व्हॅसलिनसारखा तेलकट पदार्थ) लावलेली जाळी आली ती हे टाळायलाच. पुढे 1962 साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. आपल्याकडे 'खपली धरली' म्हणजे जखम भरत आली; नव्या ड्रेसिंगचा खटाटोप खपली धरूच नये यासाठी. समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटच्या धाग्यांचं स्रावात जेल होतं. हायड्रोकोलॉइडही स्राव शोषून जेल बनवतं. (तो पिवळट, वास येणारा लगदा पाहून पू झाला म्हणून घाबरणारे पुष्कळ. पण लाली, सूज, ठणका वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.)

म्हणून 'ड्रेसिंग'च ठेवा. शब्द कधीच मराठीत रुळला आहे, 'ड्रेसिंग करून आलो' कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवा संस्कृत शब्द घडवण्याची हौस इथे नको. 'मलमपट्टी' मलम आणि कापडाच्या पट्टीसाठी राहू द्या.

शिवाय 'मलमपट्टी' वाचलं की माणूस आधी मलम फासणार, आणि मलमाच्या तेलकटपणावर हायड्रोकोलॉइड चिकटतच नाही. दुसरं, मलमपट्टी रोज बदलायची सवय असते; हे ड्रेसिंग मात्र गळत नसेल तर काही दिवस तसंच ठेवायचं असतं.